फाटला एक, बदलायचे किती?

मोटारीचा एक टायर फाटला की आपल्या गोतावळ्यात टायरतज्ज्ञ किती आहेत ते कळते. एरवी ही मंडळी आपापल्या व्यापात असतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शाळेत भूगोल शिकवणारे, कोणी द्राक्षबागेच्या छाटणीत अडकलेले. पण ‘आमचा टायर गेला’ हे शब्द कानावर पडायचा अवकाश, प्रत्येकाच्या तोंडून एक आकडा बाहेर पडतो, आणि दोघांचा आकडा सहसा जुळत नाही. आमचा टायर सकाळी फाटला. दिवेलागणीपर्यंत शून्यापासून पाचापर्यंतचे सगळे आकडे आमच्या पदरात पडले होते. शेजारच्या अण्णांनी तर आकड्याच्या भानगडीतच न पडता "गाडीच काढून टाका" असे सांगितले. अण्णांनी स्वतः कधी गाडी घेतलेली नाही, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांच्याइतका निर्भय माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही.

झाले होते ते असे. उसाचे दिवस. समोरून दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. उसाच्या ट्रॉल्यांशी रस्त्याच्या हक्कावरून कोणी वाद घालत नाही. गाडी मुकाट्याने साईडपट्टीवर घेतली, तर तिथल्या गटाराच्या कट्ट्यातून लोखंडी पट्टीचे एक टोक बाहेर डोकावत होते. पुढच्या डाव्या टायरच्या कुशीला त्याने बोटभर चीर पाडली. रस्त्याला टेकणारा भाग अगदी शाबूत, पण हवा गेली ती गेलीच.

शून्याचा सल्ला भूगोलाच्या सरांचा. "आतून गेटर मारा, ट्यूब टाका, अजून वीस हजार किलोमीटर मरण नाही!" गेटर म्हणजे चिरेच्या मागे, टायरच्या आतल्या अंगाला लावायचा जाड तुकडा. रमतगमत चालणाऱ्या ट्रॉलीला तो लावून लोक हंगाम काढतात, हे सरांचे म्हणणे काही खोटे नव्हे. पण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने चिरेवरून एकदा बोट फिरवले आणि हात पुसले. "साईड कट. नहीं होगा." माणूस केरळचा. देशातले सगळ्यात जास्त रबर केरळात होते, आणि आपल्याकडच्या हमरस्त्यांवर पंक्चर काढायला बसलेला माणूसही पुष्कळदा तिकडचाच निघतो. आता आपल्या दोडामार्गातही रबराच्या बागा झाल्या आहेत; पण रबराच्या दुखण्यावरचा शेवटचा शब्द अजून तरी केरळचाच.

त्याच्या ‘नहीं होगा’ला कारण आहे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथे रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खिळा घुसून पडलेले भोक सहा मिलिमीटरांच्या आतले असेल, तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच बसवता येतो आणि तो टिकतोही. कुशीत मात्र तसे पट्टे नसतात. तिथे दोऱ्यांचे थर असतात, गाडीचा भार तेच पेलतात, आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला ती कूस एकदा दबते आणि पुन्हा ताठ होते. आमच्या गाडीचा टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला अकरा फेऱ्या मारतो. सेकंदाला अकरा वेळा वाकणारे ठिगळ किती वेळ तग धरणार? समृद्धी महामार्गावर तर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. सरांचा गेटर घेऊन तिथे जायचे, तर सरांनाही शेजारी बसवून न्यावे म्हणतो.

आत तुटलेल्या दोऱ्या बाहेरून दिसत नाहीत, हा आणखी एक घोर. कधी खड्ड्यात चाक आदळल्यावर चीर पडत नाही, नुसता फुगा येतो. त्या जागी दोऱ्या तुटलेल्या असतात आणि हवा केवळ रबराच्या भरवशावर थांबलेली असते. फुगा लहान आहे म्हणून तो टायर वापरत राहणारे लोक मी पाहिले आहेत. ते स्वभावाने फार आशावादी असतात.

एकचा आकडा मेहुण्याचा. "दाजी, एक फाटलाय, एक टाका. उगं खर्चात पडू नका." या हिशोबात बोट ठेवायला जागा नाही. पहिलीतल्या मुलालाही तो पटेल. एक गेला, एक आला, चार झाले. अडचण एवढीच, की टायर पहिलीतल्या गणिताने चालत नाहीत. नव्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. आमच्या पुढच्या टायरच्या खाचा तीनवर आल्या होत्या. ओढ पुढच्या चाकांना, वळणे पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांनाच, म्हणून पुढचे आधी झिजतात.

म्हणजे डावीकडे आठाचा आणि उजवीकडे तिनाचा. पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले होते. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कुशीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. यावरून नव्या टायरचा घेर निघतो साधारण १९५२ मिलिमीटर. पाच मिलिमीटर झिजलेल्याचा सुमारे १९२१. फेरीमागे तीन सेंटिमीटरांचा फरक. किलोमीटरला जुना टायर आठ फेऱ्या जास्त मारणार. सांगलीहून पुण्याला पोचेपर्यंत त्याच्या अठराशेच्या वर फेऱ्या जास्त झालेल्या असतील. रस्त्यावर गाडीचे वजन पडून हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मतलब बदलत नाही. एकाच आसाला जोडलेले दोघे, एकाच गावाला एकाच वेळी पोचायचे, आणि त्यातल्या थकलेल्याने जास्त पळायचे. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला दोघांची समजूत काढत बसावे लागते. त्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की एका बाजूची पकड वेगळी, दुसऱ्या बाजूची वेगळी.

तरीही मेहुणा सरसकट चुकीचा नव्हता. टायर घेऊन दोन-तीन महिने झाले असते आणि बाकीच्यांची झीज मोजण्याइतकीही नसती, तर एकच टायर, तोही त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, हा अगदी शहाणपणाचा आकडा ठरला असता. मेहुण्याचे गणित बरोबर. ते फक्त आमच्या गाडीचे नव्हते.

दोनचा आकडा सांगणारे कमी भेटतात, कारण मधला मार्ग सांगण्यात रुबाब नसतो. आम्हाला तो एका ट्रकमालकाने सांगितला. ट्रकच्या मागच्या आसाला दोन्ही बाजूंना टायर जोडीने असतात, एक आतला, एक बाहेरचा. त्यातला एक उंच आणि एक झिजून बुटका असेल, तर उंच टायर भार एकट्याने उचलतो, तापतो आणि भलत्या ठिकाणी फुटतो. म्हणून ट्रकवाले जोडीच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. धाब्यावर चहा प्यायच्या आधी क्लीनर लोखंडी दांडक्याने एकेका टायरवर ठोका मारत जातो आणि आवाजावरून हवा ओळखतो. "जोडीत भेदभाव चालत नाही साहेब," ट्रकमालक म्हणाले. "दोन घ्या, एका आसावर टाका."

पण कुठल्या आसावर? इथे टायरच्या दुकानात जुंपली. दुकानदाराचे म्हणणे, "इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, ब्रेकचा जोर पुढं. नवीन टायर पुढंच टाकायचे." ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र उलटे सांगतात. दोनच घेत असाल तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. आंबा घाटात पावसाळी वळणावर पुढचे टायर घसरले, तर गाडी वळायचे सोडून सरळ जायला बघते. माणूस घाबरतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वेग उतरतो आणि पुष्कळदा गाडी पुन्हा हातात येते. मागचे टायर घसरले तर गाडीची शेपूट फिरते, आणि घाबरून पाय काढला तर आणखी जोरात फिरते. ती सावरणे शर्यतीतल्या गाडीवाल्यांचे काम. ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या अंगात ते कसब नसते. पुढचे टायर आपल्याला दिसतात, स्टिअरिंगमधून जाणवतात, म्हणून त्यांची काळजी वाटते. मागचे कधी काही कळवत नाहीत. न कळवणाऱ्यांना चांगले टायर द्यावेत, हे म्हणणे मला पटले.

जोडीचा हा विचार मोटारींच्या फार आधीपासून आपल्याकडे आहे. खिलार जोडीतला एक बैल गेला की शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न येतो. राहिलेल्या बैलाला जोड बघायचा, की तोही विकून नवी जोडी घ्यायची? खरसुंडीच्या यात्रेत असा माणूस लांबूनही ओळखू येतो. तो बाजारातला सगळ्यात देखणा बैल बघत नाही, घरच्या बैलाची उंची डोळ्यांत घेऊन हिंडत असतो. उंचीत फरक असला की जू तिरके बसते आणि एकाच्या खांद्याला घट्टे पडतात. चाल जुळली नाही की चपळ बैल पुढे ओढतो, सावकाश बैल फरफटतो, आणि तास वाकडे जाते. अगदीच जमले नाही, तर एक बैल राहिलेले दोघे शेतकरी सावड करतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. म्हातारा बैल गोठ्यात राहिला आणि शेजारी तरणाबांड आणून बांधला, तर गोठ्याची किंमत वाढते, पण नांगरट सुधारत नाही. शेतकऱ्याला हे कोणी टायरच्या दुकानात शिकवलेले नव्हते.

चारचा आकडा दुकानदाराचा, हे सांगायला नकोच. "चारीच्या चारी टाका साहेब, पुढं डोक्याला ताप नाही." चाराबरोबर अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नायट्रोजन आलेच. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकटच असतो, हे मी त्याला सांगितले नाही. पैसे असतात ते उरलेल्या बावीस टक्क्यांचे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुकानदाराच्या चाराला हसणे सोपे आहे, पण काही गाड्यांना खरोखरच चारांशिवाय गत्यंतर नसते. ज्यांच्या चारही चाकांना सतत ताकद जाते, त्यांच्यात पुढच्या आणि मागच्या आसांमध्येही वेग जुळवणारी यंत्रणा असते. टायरांच्या घेरात फरक पडला की ती सतत राबते, तापते, आणि तिची दुरुस्ती टायरांपेक्षा कितीतरी महाग पडते. अशा काही गाड्यांचे कारखाने खाचांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरांच्या वर फरक खपवून घेत नाहीत. अमेरिकेत यावर तोड काढलेली आहे. एकच नवा टायर घ्यायचा आणि तो यंत्रावर तासून बाकीच्या तिघांइतका झिजका करून घ्यायचा. त्या तासण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मग झिजायला आपल्या रस्त्यांवर पाठवायचा, फुकटात झाला असता."

पाचाचा आकडा बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा. ऑडिटमध्ये हयात गेलेला माणूस, डिकीतली स्टेपनी त्यांच्या नजरेतून सुटेल कशी? "तिचा हिशोब कुणी केला?" ते म्हणाले. खरे तर कोणीच केला नव्हता. स्टेपनी हा घरोघरचा विसरलेला टायर. तिच्या खाचा अगदी करकरीत होत्या. त्यांतले रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते. मेहुणा लगेच म्हणाला, "बघा दाजी, हीच टाका की. एकही घ्यायला नको." म्हणजे एकवाला एका क्षणात शून्यात गेला.

काकांनी मात्र टॉर्च मागवला आणि तिच्या कुशीवरचे आकडे वाचले. शेवटचे चार होते ३११६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ती २०१६ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला तयार झालेली. चाकावरचे टायर मधल्या काळात एकदा बदलून झाले होते, पण हिच्याकडे कोणी वळून पाहिले नव्हते. रबर न चालताही म्हातारे होते. ऊन, उष्णता, हवा यांनी ते कडक होते, कुशीला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षी खाचा कितीही असोत, तो काढावा, असा एका मोठ्या टायर कंपनीचाच सल्ला आहे. काही लोक पाचही टायर आलटूनपालटून फिरवतात, म्हणजे पाचही एकदमच थकतात. आम्ही तिला जपली, आणि जपण्यात तिची उमेद वाया गेली.

आता तर नव्या गाड्यांतून स्टेपनीच जायला लागली आहे. २०२० साली नियम बदलले. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवायचा संच दिला असेल, तर स्टेपनी दिलीच पाहिजे असे नाही. संचातला तो द्रव खिळ्याचे भोक बुजवतो, पण गटाराच्या कट्ट्यापुढे हात टेकतो. काही गाड्यांत स्टेपनी असते, पण बारकी, ताशी ८० च्या वर नेऊ नका अशी पाटी लावलेली. पाहुण्यांच्या मुलाला सामानाला पाठवावे आणि बजावावे, ‘लांब जाऊ नको हं’, तशी. ही उपमा मला सुचली नाही, काकांची आहे. बैलांवर माझी उपमांची शिदोरी संपली होती.

एवढे सगळे ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की आकडा सांगणाऱ्या प्रत्येकाने फाटलेला टायर निरखून पाहिला होता. चीर किती लांब, किती खोल, पट्टी कशी घुसली, कट्टा कोणाचा. चिरेभोवती चांगली गर्दी जमली होती. उरलेल्या तीन टायरांकडे मात्र स्टेपनीच्या काकांखेरीज कोणी वाकूनही पाहिले नव्हते. आणि नेमका निर्णय त्या तिघांच्या अंगावर लिहिलेला होता. फाटलेल्याचे काय व्हायचे ते पट्टीने ठरवलेच होते. तो किती जणांना सोबत नेणार, हे मागे राहिलेल्यांच्या खाचा, त्यांची तारीख आणि ते कुठल्या आसावर आहेत, यावरून ठरणार होते. तेव्हा दुकानातल्या पोराला हाक मारून गेज मागवले. खिशातल्या पेनाएवढे हत्यार, खाचेत टोचले की खोली सांगते. तेही नसेल तर खाचेत आडव्या बसलेल्या बारीक उंचवट्यांकडे पाहावे. रस्त्याला लागणारे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की खाच १.६ मिलिमीटरांवर आली, आणि मोटारीचा टायर तिथे कायद्यानेच बाद होतो.

मागचे दोघे निघाले पाच-पाच मिलिमीटरांचे, तारखेनेही तरुण. चार बदलायचे कारण संपले. पुढचा उजवा तिनाचा, म्हणजे त्याला नव्या टायरची जोड जमत नव्हती. एकाचे कारणही संपले. आकडा दोन. नवे दोन मागे, मागचे पाच-पाचवाले पुढे, आणि तिनाचा तो एकटा राहिलेला टायर २०१६ च्या स्टेपनीच्या जागी. अडीअडचणीला घरापर्यंत आणायला तो पुरेसा आहे. दुकानदाराने नवे पुढे टाकण्याचा शेवटचा आग्रह करून पाहिला, मग खांदे उडवून पोराला म्हणाला, "घाल बाबा मागं, गाडी त्यांची हाय."

संध्याकाळी जो तो आपला विजय साजरा करून गेला. मेहुण्याच्या मते एक जास्त घेतला, पण चार घेतले नाहीत ते त्याच्यामुळे. ट्रकमालक म्हणाले, "मी सांगितलंच होतं." ते बरोबरच होते, त्यामुळे त्यांना जरा कमी भाव मिळाला. सरांनी फाटका टायर मागून नेला. त्याच्यात माती भरून पुदिना लावणार आहेत. भरायच्या आधी पावसाचे पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास होतात, हे आम्ही त्यांना बजावले. शून्यवाल्याच्या हाती शेवटी पूर्ण एक टायर लागला. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अजूनही चांगली किंमत येईल म्हणाले.

रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मग पुढचे दोन कधी?"

"पावसाळ्याआधी मोजू. तिनावर आले असतील तर तेव्हाच."

त्यांनी भिंतीवर नुकतेच लागलेले कालनिर्णय उलटून मे महिन्याचे पान काढले. वर्षाची चटणी कुटायची तारीख तिथे आधीच नोंदलेली होती. तिच्याखाली त्यांनी ‘टायर – २’ असे लिहिले. पेनाचे टोपण लावता लावता हात थांबला.

"आणि ह्यात स्टेपनी धरलीय का?"

मी उत्तर शोधत असतानाच त्यांनी दोनाच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढले.